रकाना रिकामा ठेवू नये

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ हा विषय दिला आहे आणि वेळ दिली आहे दहा मिनिटं. त्यांची अपेक्षा नायगाऱ्याची असावी. नायगारा मी पाहिला. पाणी पुष्कळ आहे. पण कॅनडातल्या पहिल्या मुक्कामात मी सगळ्यात जास्त वेळ कशात घालवला असेल, तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फॉर्म भरण्यात. म्हणून आज फॉर्मांबद्दलच बोलते.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. माझं दुसरं लग्न झालं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये, पुण्यात, नोंदणी पद्धतीने. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते. मुलाचे बाबा २०१० साली गेले, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्या वेळी तुम्ही भेटायला आला होतात. लग्नाचं मात्र इथल्या निम्म्या लोकांना आत्ता कळतंय. इतका उशीर का झाला, तेही या फॉर्मांच्या ओघात येईल.

आता जरा १९८४ सालात चला. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म आठवतोय? बाईंनी आपल्याकडून तो आधी शिसपेन्सिलीने भरून घेतला होता. नाव दाखल्यावर आहे तसंच. आधी आडनाव, मग आपलं, मग वडिलांचं. आणि बाई बाकांमधून फिरत सांगत होत्या, “रकाना रिकामा ठेवू नये. लागू नसेल तर ‘लागू नाही’ असं लिहा. रिकामा रकाना दिसला की तपासणाऱ्याला शंका येते.” बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, कॅनडा सरकारच्या सूचनांमध्येसुद्धा हेच लिहिलेलं आहे, अगदी हेच.

ह्यांची आणि माझी ओळख २०१९ साली एका लग्नघरी झाली. हे मूळचे सोलापूरचे, बरीच वर्षं टोरांटोजवळ मिसिसागाला राहतात, कॅनडाचे नागरिक आहेत. ह्यांची पत्नी आजारपणात गेली होती. मग कोरोना आला. सगळं जग घरात बसलं आणि आम्ही फोनवर बोलू लागलो. त्यांची सकाळ, माझी संध्याकाळ. दोन वर्षं अशी बोलण्यात गेली आणि एक दिवस त्यांनी सरळ विचारलं.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी तीस दिवस नोटीस द्यावी लागते, आणि ती नोटीस कार्यालयातल्या फलकावर लावतात. ते तीस दिवस मी जीव मुठीत धरून काढले. कायद्याची भीती नव्हती. भीती ही, की ओळखीचं कुणी तिथे कामाला जाईल आणि वाचेल. नवऱ्याच्या माघारी मुलाला वाढवलं, सासूबाईंचं शेवटपर्यंत केलं, बँकेत मान होता. आणि आता या वयात हे काय, असं कुणी म्हटलं तर? तीन साक्षीदार लागतात. तेवढेच तिघं आले. माझा मुलगा आला नाही. तुम्हाला कुणालाही मी कळवलं नाही.

पुढच्या मे महिन्यात मी पर्यटक व्हिसावर ह्यांच्याकडे गेले. व्हिसाच्या वेळी सल्ले देणारे भरपूर भेटले. “नवरा तिकडे आहे म्हणू नका, फिरायला जाते म्हणा.” पण त्या अर्जात वैवाहिक स्थितीचा रकाना असतो. तिथे मी खरं तेच लिहिलं. टोरांटोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात? म्हटलं, नवऱ्याकडे आले आहे. इथे राहण्याचा अर्जही पुढे करायचा आहे, परतीचं तिकीट काढलेलं आहे, मुदतीत परत जाईन. त्याने शिक्का मारला. पाहुणा म्हणून आलेल्याला तिथे साधारण सहा महिने राहता येतं.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं बाहेर आहेत, म्हणून थोडं नियमाचं सांगते. पाहुणा म्हणून येणं आणि पुढे कायम राहण्याची इच्छा असणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, हे कॅनडाचा कायदा मान्य करतो. अट एकच. मुदत संपली आणि परवानगी वाढली नाही, तर निघायचं. अमेरिकेचे नियम वेगळे आहेत, तेव्हा तिथल्या भाचीचा सल्ला इथे वापरू नका.

नवरा-बायकोच्या अर्जाचे रस्ते दोन. एक, तिथेच एकत्र राहून अर्ज करायचा. पण मध्येच देशाबाहेर पडलं तर परत आत घेतीलच असं नाही, आणि अर्ज नाकारला तर अपील नाही. दुसरा, बाहेरून येणाऱ्या कुटुंबीयांसाठीचा. त्यात येणं-जाणं करता येतं आणि नकार आला तर नवऱ्याला अपील करता येतं. हा अर्जसुद्धा पाहुणा म्हणून तिथे असताना भरता येतो. माझी आई इथे वाईत, ऐंशी ओलांडलेली. मी दुसरा रस्ता धरला.

मग टेबलावर फॉर्म आले. खरं तर कॉम्प्युटरवर आले, पण मी ते छापून घेतले आणि शिसपेन्सिल घेऊन बसले. सवय ती सवय.

ह्यांनी भरायच्या फॉर्मात एक हमी असते, की बायकोचा तीन वर्षांचा भार माझा, आणि तिला सरकारी मदत घ्यावी लागली तर ते पैसे मी फेडीन. सही करताना हे म्हणाले, “सप्तपदीत एवढं स्पष्ट नसतं.”

माझी अडचण पहिल्याच ओळीपासून. नाव. आणखी कोणतं नाव कधी वापरलं आहे का? तुम्ही मला ज्या नावाने हाक मारता, ते १९९२ साली ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बदललं गेलं. पासपोर्टवर ते नवं नाव, मधे मुलाच्या बाबांचं नाव, मग त्यांचं आडनाव. दुसऱ्या लग्नानंतर मी काही बदललं नाही. तेव्हा ‘आणखी नावं’ या रकान्यात मी माझं शाळेतलं पूर्ण नाव लिहिलं. तीस वर्षांनी लिहिलं. ह्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, “हे कोण?” मी म्हटलं, “ही वाईच्या शाळेतली एक मुलगी. घाटावर पोहायची.”

जन्मतारीख १ जून १९६९. हसा! या सभागृहात एक जूनवाले किती आहेत ते हात वर करा. बघा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख घातली, ती जन्माला पुरली. आई म्हणते, माझा जन्म भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा. पण ‘आईचं म्हणणं’ असा रकाना फॉर्मात नाही. दाखला, पासपोर्ट, बँक, सगळीकडे एक जून आहे, तर एक जूनच. सगळीकडे एकच असणं महत्त्वाचं.

मग मागच्या दहा वर्षांचा हिशोब. कुठे राहिलात, काय करत होतात, महिना न् महिना, मध्ये खंड नको. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर सासूबाईंचं करण्यात माझी अडीच वर्षं गेली होती. ती कशात घालायची? मी ‘बेरोजगार’ लिहायला निघाले होते. ह्यांनी हात धरला. “घरी आजारी माणसाची सेवा, असं लिही. ते काम होतं.” त्या कुटुंबाच्या यादीच्या फॉर्मात आई, वडील, नवरा, मुलं, भावंडं, गेलेलीसुद्धा, सगळ्यांना जागा आहे. गेलेल्या नवऱ्याच्या आईला जागा नाही. मला ते खटकलं. पण त्या अडीच वर्षांच्या ओळीत त्या आल्या.

त्याच यादीत मुलाचं नाव लिहिलं. पुढे त्याचा पत्ता. बंगळूरचा पत्ता मला पाठ होता. तरी खात्री करावी म्हणून फोन लावला. लग्नापासून पाच महिने आमचं बोलणं जवळपास बंद होतं. सणाला एखादा मेसेज, तेवढंच.

म्हटलं, “फॉर्म भरतेय. तुझा पत्ता तोच ना?”

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, “आई, मी घर बदललंय. मार्चमध्ये.”

पोटच्या मुलाचा पत्ता मला माहीत नव्हता, आणि तो मला एका परक्या सरकारच्या फॉर्ममुळे कळत होता. त्याने सांगितला, मी लिहून घेतला, पिन कोडसकट. आवाज सांभाळत पुढचं विचारलं, “वैवाहिक स्थिती?”

“अविवाहित लिही. अजून तरी.”

“अजून तरी म्हणजे?”

तो हसला. त्या हसण्याने मला निम्मं कळलं. मग विचारलं त्याने, आणखी काय काय विचारतात? मी त्याला नात्याबद्दलचा फॉर्म वाचून दाखवला. कसे भेटलात, कुणी ओळख करून दिली, लग्नाला किती माणसं होती. आणि जवळचे नातेवाईक, मित्र हजर नसतील, तर का?

त्या प्रश्नापुढे मी शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, ‘साधेपणाने करायचं ठरवलं.’

मुलगा म्हणाला, “हे खरं नाहीये आई. मुलगा नाराज होता, असं लिही.”

‘होता’ म्हणाला. मराठीच्या सरांनी आपल्याला काळ शिकवले ते वाया गेले नाहीत. त्या एका भूतकाळावर मी फोन ठेवल्यावर बराच वेळ रडले.

मग खोडरबर घेतलं. फॉर्मच्या शेवटी सही करायची असते, की वरचं सगळं खरं आहे. खोटं आढळलं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. पण खरं सांगते, मी काही त्या पाच वर्षांना घाबरून खोडलं नाही. मी लिहिलं, की मुलगा नाराज होता, आता आमचं बोलणं सुरू झालं आहे. मैत्रिणींना मी बोलावलं नाही, कारण लोक काय म्हणतील याची मला भीती वाटत होती. आपण हे वाक्य रोज तोंडाने म्हणतो. स्वतःच्या नावाखाली, सरकारी कागदावर, इंग्रजीत लिहून बघा. फार लहान दिसतं.

आमच्या नात्याबद्दल ओळखीच्या माणसांची पत्रं जोडली तर उपयोग होतो. मी कुणाकडे मागणार? जिला सांगितलंच नाही, तिच्याकडे? शेवटी एका रात्री माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला फोन केला. ती आत्ता तिसऱ्या रांगेत बसून डोळे पुसतेय. सगळं ऐकून ती चिडली. मला वाटलं, लग्नावर चिडली. ती म्हणाली, “चौथीपासून एका डब्यात जेवलो आपण. तीस दिवस नोटीस लावली होतीस ना बोर्डावर? परक्यांना वाचायला ठेवलीस आणि मला सांगितलं नाहीस!”

तिने पत्र लिहिलं. आधी मराठीत, मग मुलीच्या मदतीने इंग्रजीत. त्यात तिने लिहिलं, की मी हिला गेल्या तेरा वर्षांत फोनवर इतकी मोकळी हसताना ऐकलं नव्हतं. मला कधी वाटलंही नव्हतं, की कुणी हे मोजत असेल.

पुढचं थोडक्यात. पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पोलिसांचं प्रमाणपत्र, तिथल्या सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडची तपासणी, बोटांचे ठसे. अर्ज ऑगस्ट २०२३ मध्ये गेला. मी ऑक्टोबरमध्ये मुदतीत परत आले आणि वर्षभर आईजवळ वाट पाहिली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये होकार आला. माझ्या मुलाचं लग्न त्यानंतर झालं, आणि त्याच्या आमंत्रणपत्रिकेवर ह्यांचंही नाव होतं. ते त्याने स्वतः घातलं.

कुणावर ही वेळ आली तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. नाव आणि तारीख सगळ्या कागदांवर एकसारखी आहे का ते आधीच पाहा. मराठी कागदांचं भाषांतर रीतसर करून घ्या. आणि पाहुणा म्हणून जाताना सीमेवरच्या माणसाला खरं सांगा. खरं सांगितलेलं लक्षात ठेवावं लागत नाही.

शेवटचं. मागे दाराशी पांढऱ्या सदऱ्यात जे बसलेत, ते माझे हे. वाईचे जावई म्हणून पहिल्यांदाच आलेत. जेवताना त्यांच्याशी बोला. आग्रह केलात तर एक पुरणपोळी जास्त खातात.

बाई, माझ्या लग्नात तुम्हा सगळ्यांचा रकाना तीन वर्षं रिकामा राहिला होता. तो आज भरला. तपासून घ्या.