जाहिरात-लेखन आणि सम्यक वाचा



आपल्या जिल्ह्यात ‘कॉपी’ म्हटले की परीक्षा केंद्राच्या खिडक्या आठवतात. मी बोलणार आहे ती कॉपी वेगळी. जाहिरातीच्या मजकुराला त्या धंद्यात कॉपी म्हणतात व तो लिहिणाऱ्याला कॉपीरायटर. बी. ए. झालेल्या मुलाला आपण ‘डी. एड. कर, नाही तर भरतीची तयारी कर’ एवढेच सांगतो. मीही कला शाखेचाच. हा तिसरा रस्ता मला कोणी दाखवला नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतो.

जाहिरातीचे मोल आपल्या चळवळीला फार पूर्वी कळले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. तरी बाबासाहेब थांबले नाहीत. त्यांच्या पत्रांची नावे पाहा: ‘मूकनायक’, १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’, १९३० चे ‘जनता’ आणि १९५६ चे ‘प्रबुद्ध भारत’. पत्र कोणासाठी आहे आणि समाज कोठून कोठे निघाला आहे, हे एका-दोन शब्दांत कळते. थोडक्यात लिहिण्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

या कामाला काय लागते? पहिली गोष्ट ऐकण्याची. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला ‘अग्रिम रक्कम’ हा शब्द परका वाटतो, ‘उचल’ लगेच कळते. ज्याच्यासाठी लिहायचे त्याचे शब्द आधी कानात साठवा.

दुसरी गोष्ट छाटण्याची. ‘ज्या खातेदारांनी ओळखीसंबंधीच्या कागदपत्रांची पूर्तता अद्याप केलेली नाही, त्यांनी ती विनाविलंब करावी’, अशी सूचना कोणी वाचत नाही. ‘येताना आधार कार्ड व एक फोटो आणा, खाते चालू राहील’, असे लिहिले तर लोक कागद घेऊन येतात. काय करायचे आणि त्यात आपला फायदा काय, हे आधी आले पाहिजे.

तिसरी गोष्ट भाषांची. हिंदी-इंग्रजीत तयार झालेल्या अनेक जाहिराती मराठीत आणाव्या लागतात. शब्दाला शब्द ठेवला की वाक्य लंगडते. म्हणून समजण्यासाठी त्या भाषा हव्यात आणि लिहिण्यासाठी घरातली मराठी हवी. चौथी गोष्ट सोसण्याची. एकच ओळ दहा वेळा परत येते, तेव्हा राग न धरता अकराव्यांदा लिहावी लागते.

आजपासून एक वही करा. किराणा दुकान, रक्तदान शिबिर, वसतिगृह प्रवेश अशा विषयांवर रोज एक जाहिरात लिहा. मुंबई-पुण्याच्या जाहिरात संस्थेत गेलात तर पदवीसोबत हे नमुनेच तुमच्यासाठी बोलतील.

पण एक गोष्ट सांगितल्यावाचून थांबता येत नाही. काही वर्षांपूर्वी काउंटरवर एक आजी सगळी शिल्लक काढायला आल्या. हातात एका पतसंस्थेचे पत्रक, त्यावर ठळक अक्षरात ‘दामदुप्पट’. मी म्हणालो, ‘‘आजी, चक्रवाढीने सात टक्क्यांनी पैसा दुप्पट व्हायला सुमारे दहा वर्षे लागतात, बारा टक्के मिळाले तरी सहा. यात ना वर्षे लिहिलीत, ना व्याज.’’ त्या म्हणाल्या, ‘‘एवढं छापलंय, मग खोटं कसं असंल?’’ पैसे गेले, ते परत आले नाहीत.

तो एक शब्द लिहिणाऱ्याला कला चांगली येत होती. तोही आपल्यातलाच एखादा बी. ए. झालेला असेल, हा विचार मला अजून टोचतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड उत्पादकाला आणि जाहिरातीत शिफारस करणाऱ्याला होतो. मजकूर लिहिणाऱ्याचे नाव कोठेच छापलेले नसते. म्हणूनच त्याला धरणारे दुसरे काही हवे. आपण पंचशील घेतो, त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका या अष्टांगिक मार्गात शेजारी-शेजारी नाहीत, पण या धंद्यात त्या एकाच टेबलावर बसतात.

मित्रांनो, लेखणीने जरूर पोट भरा. फक्त लिहिलेली ओळ आपल्या आजीला वाचून दाखवता येईल, एवढी खरी ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!