वीस तीन की तेवीस? मंगलाताई नारळीकर आणि आपल्या घरातलं गणित

(पिंपरी येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मला डॉ. मंगला नारळीकर यांच्याविषयी बोलायचं आहे. जयंत नारळीकरांच्या पत्नी ही त्यांची ओळख तुम्हाला असेल, ती जरा बाजूला ठेवू. १९६४ साली मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला गणितात त्या पहिल्या आल्या, कुलपतींचं सुवर्णपदक मिळालं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन सुरू झालं. मग लग्न, केंब्रिज, तीन मुली, घर. पीएच.डी. मिळाली ती १९८१ साली, नंबर थिअरीत. एम.ए.नंतर सतरा वर्षांनी! इथे मागच्या रांगेत काही भगिनी बसल्या आहेत. लग्न झालं म्हणजे शिक्षणाचा विषय संपला, असं ज्यांच्या घरी बोललं जातं, त्यांनी हे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत.

पण आजचा विषय पुढचा आहे. पुणे विद्यापीठात शिकवलं, भास्कराचार्य प्रतिष्ठानात काम केलं, हे सगळं करणाऱ्या या बाई हळूहळू शाळेच्या गणिताकडे वळल्या. ‘गणिताच्या सोप्या वाटा’ हे त्यांचं पुस्तक कुणासाठी आहे? शाळा सुटलेल्या मुलांसाठी. नंबर थिअरीत डॉक्टरेट घेतलेली व्यक्ती आठवीत शाळा सोडलेल्या पोरासाठी बसून पुस्तक लिहिते, हे मला मोठं वाटतं. सुवर्णपदकापेक्षाही.

पुढे त्या बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या आणि २०१९च्या जून महिन्यात त्यांचं नाव घरोघरी पोचलं, तेही टिंगल म्हणून. दुसरीच्या पुस्तकात संख्या वाचायची आणखी एक पद्धत आली होती : २१ म्हणजे ‘वीस एक’, ६३ म्हणजे ‘साठ तीन’. टीव्हीवर चर्चा, मोबाइलवर विनोद, विधानसभेतही शेरेबाजी. मराठी बुडाली म्हणे! एकवीस, त्रेसष्ट हे शब्द पुस्तकातून काढलेलेच नव्हते, ते शेजारीच छापले होते. पण पुस्तक उघडून बघायला वेळ कुणाला होता?

आता त्यांचं म्हणणं काय होतं, ते सात वर्षांच्या मुलाच्या जागी बसून बघा. तो ‘त्रेसष्ट’ ऐकतो. आधी तीन ऐकू येतात, मग साठ. लिहिताना मात्र आधी सहा, मग तीन. मूल ३६ लिहितं आणि बाई लाल रेघ मारतात. बरं, तीनची रूपं तरी किती! तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर, त्र्याण्णव. एकोणपन्नासमध्ये ऐकू येतं पन्नास, लिहायचं ४९. शिवाय सत्त्याहत्तर, अठ्ठ्याण्णव अशी जोडाक्षरं. इंग्रजीत, कन्नडमध्ये, तेलुगूत वीसच्या पुढे आधी दशक बोलतात, मग एकक, म्हणजे जसं लिहितात तसंच. मंगलाताईंचा मुद्दा एवढाच होता की अडचण भाषेत आहे, मग ‘मठ्ठ’ हा शिक्का मुलाच्या कपाळावर का?

हा प्रश्न या हॉलमध्ये बसलेल्यांचा सर्वांत जास्त आहे. आपल्या घरात दखनी किंवा हिंदी-उर्दू, शाळेत मराठी, शिकवणीला इंग्रजी. घरी ‘पचपन’, वर्गात ‘पंचावन्न’, शिकवणीत ‘फिफ्टी फाइव्ह’. उर्दू शाळेत घातलं तरी सुटका नाही, तिथेही ‘तिरसठ’ उलटाच. चाकणच्या कंपन्यांसाठी बिहारहून, मराठवाड्याहून, कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांची मुलं इथल्या वर्गांत हेच भोगतात. आणि मग आपलीच माणसं बोलून जातात, ‘अपने बच्चों को मॅथ्स जमता नहीं.’

जमत नाही? कुदळवाडीच्या भंगारवाल्याच्या मुलाला विचारा, साडेतीन किलो तांब्याचे किती होतात. कागद न घेता सांगेल. भोसरीच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ‘तीन सूत’ म्हणजे इंचाचे आठातले तीन भाग, हे पोराला तोंडपाठ असतं. तोच पोरगा परीक्षेत ३/८ अधिक १/४ समोर आलं की ४/१२ लिहून मोकळा होतो. तीन सुतात दोन सूत मिळवले तर किती, असं त्याला कुणी विचारलेलंच नसतं. मुलांनी शेडमध्ये राबावं, असं मी म्हणत नाही, हे स्पष्ट करतो. पण त्यांना येतं ते गणितच आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून अरिंदम बोस यांनी धारावीतल्या मुलांवर संशोधन केलं, त्यात उर्दू माध्यमाची मुलं होती. दिल्लीत जामियाच्या प्रा. फरीदा खान यांनी कष्टकरी मुलांच्या गणितावर २००४ साली लिहिलं. म्हणजे हिशेबात पक्का आणि गणितात कच्चा हा पोरगा अभ्यासकांना चांगला माहीत आहे. आपल्या शाळांना तो अजून दिसायचा आहे.

मंगलाताईंवरच्या टीकेतली एक गोष्ट मला मान्य आहे. मूल घरी ‘साठ तीन’ म्हणालं तर आई-वडील गोंधळणार, दुकानदार हसणार. पुस्तक बदललं म्हणून वर्ग बदलत नाही. तो शिक्षक बदलतो. ‘साठ तीन’ हा ‘त्रेसष्ट’पर्यंत नेणारा पूल आहे, हे शिक्षकाला उमगलं तरच तो मुलाला आणि आईला समजावू शकेल. नाहीतर पाठ करायला आणखी एक यादी, इतकंच.

आणि इथे तुम्ही येता. तुमच्यातले बरेच जण आयटीआय, डिप्लोमा करून कंपनीत लागतील, चांगलंच आहे. काहींनी मात्र डी.एल.एड.चा, बी.एड.चा विचार करावा, आणि तोही गणितासाठी. ‘पचपन’ आणि ‘पंचावन्न’ दोन्ही ज्याच्या जिभेवर आहेत आणि सूत म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागत नाही, असा गणिताचा शिक्षक या पट्ट्याला हवा आहे. ट्रेनिंग कॉलेजात तुम्हाला पद्धती शिकवतील. त्या मुलाची जीभ तुम्ही घरूनच घेऊन जाल.

मंगलाताई १७ जुलै २०२३ रोजी पुण्यात गेल्या. ऐंशी वर्षांच्या होत्या.

मी दुसरीचं गणिताचं पुस्तक सोबत आणलं आहे. चहा घेऊन जे थांबतील त्यांनी जवळ या, संख्यावाचनाचं पान उघडू. एकाने मराठीत वाचायचं, एकाने उर्दूत, आणि तिसऱ्याने फक्त ऐकून आकडा लिहायचा.