यंत्रे मोजावीत की माणसे?

श्रोते हो, मुरगूडच्या एखाद्या गल्लीत वही घेऊन फिरा आणि घरोघरचे फोन लिहून काढा. आकडा चांगला भरेल. पण एका गड्याच्या खिशात दोन सिमकार्डे, आणि त्याच घरातल्या म्हातारीला नातू शाळेतून येईतो वाट बघावी लागते. वहीत हे कुठे दिसणार?

देशादेशांची तुलना करतानाही हाच पेच पडतो. १९६०च्या सुमारास युनेस्कोने एक माप ठरवले होते. शंभर माणसांमागे निदान वर्तमानपत्राच्या १० प्रती, ५ रेडिओ आणि चित्रपटगृहातल्या २ खुर्च्या. खुर्ची मोजणे सोपे हो! तीवर कोण बसले, ते कोण बघतो?

आता ही मोजदाद आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ करतो. त्याच्या २०२४च्या अंदाजाप्रमाणे जगात शंभरातले ६८ लोक इंटरनेट वापरतात. श्रीमंत देशांत ९३, अगदी गरीब देशांत अवघे २७. दरी आहे, यात शंका नाही. पण वापरणारा म्हणजे कोण? गेल्या तीन महिन्यांत ज्याने एकदा तरी वापरले तो. एकदाच गाणे पाहिलेला एक, आणि रोज बाजारभाव पाहून माल काढणारा, तोही एकच!

आपल्याकडचा दाखला ऐका. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत श्रोतृमंडळे चालविली. आपले कोल्हापूर त्यांत होते. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग चर्चा करीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने आधी आणि नंतर प्रश्न विचारून पाहिले. मंडळाच्या गावांत माहिती भरपूर वाढली होती. नुसताच रेडिओ असलेल्या गावांत फरक नावापुरता. रेडिओ मोजणाऱ्याला मात्र दोन्ही गावे सारखीच!

म्हणून गुरुजी, बाई, तुम्हांला एक विनंती. वर्गातल्या मुलांकडून आपल्या घराची अशी नोंद करून घ्या: दिवसा फोन कुणाबरोबर जातो? आईला आपला सातबारा स्वतः पाहता येतो का? बाबा फोन घेऊन रानात गेल्यावर शाळेचा निरोप मुलाला केव्हा कळतो? उत्तरे मुलींची आणि मुलांची निरनिराळी ठेवा.