गल्ल्यात आले तेच आपले

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने शहाड सोडले की पुढचे स्टेशन आंबिवली. मोहने तिथून जवळच. या गावाची ओळख वर्षानुवर्षे एकाच नावाने होती, एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. २००९ मध्ये हा कारखाना बंद पडला आणि हजारो कामगारांची देणी पुढे कित्येक वर्षे रखडली. ज्यांना दुसरी नोकरी मिळाली नाही त्यांनी जे जमेल ते सुरू केले. कोणी रिक्षा घेतली, कोणी वडापावची गाडी लावली. घरातल्या बायकांनी पोळी-भाजी, मसाले, शिवणकाम हाती घेतले. हौस म्हणून धंदा करणे वेगळे आणि चूल पेटती राहावी म्हणून करणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात चुकायला जागा फार थोडी असते.

मी इथल्या लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिण्याचे काम करते. नवीन माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कर्ज कुठे मिळेल?’ मी त्याला उलट विचारते, ‘माल विकल्यावर पैसे किती दिवसांनी हातात येतील?’ लहान धंदा बुडतो तो बहुतेक वेळा नफा नाही म्हणून बुडत नाही. नफा वहीत असतो आणि पैसे लोकांकडे असतात, म्हणून तो बुडतो.

गिरणगावातल्या खाणावळी

हे दुखणे जुनेच आहे. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण देणाऱ्या हजारो बायका होत्या. कामगार महिन्याच्या पगारावर पैसे देणार आणि चूल तर रोज पेटवायची. मग वाण्याकडून उधारीवर धान्य आणायचे, नाहीतर सावकाराकडून जबर व्याजाने पैसे उचलायचे. दिवसभर राबून हातात काय उरायचे? वरकमाई व्याजातच जायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते याच बायकांसाठी. या बायकांना एकत्र करून बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि सावकाराचा फास सैल केला. बायकांचा स्वयंपाक तोच होता, गिऱ्हाईकही तेच होते. पैसा कुठून आणि किती व्याजाने येतो, एवढेच बदलले आणि धंदा उभा राहिला.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि एकाच पगारावर उभा असलेला हा सगळा संसार हादरला. मोहन्याच्या बाजाराने २००९ नंतर हेच पाहिले. कारखान्याच्या पगारावर चालणाऱ्या वस्तीत किराणा दुकान, हॉटेल, शिंपी सगळ्यांची खाती पगाराच्या दिवशी चुकती होतात. पगारच थांबला तर दुकानदाराने जायचे कुणाकडे? म्हणून पहिला नियम असा, की आपली निम्म्याहून जास्त विक्री एकाच गिऱ्हाइकावर किंवा एकाच कंपनीच्या माणसांवर अवलंबून असेल, तर बरे दिवस असतानाच दुसरे गिऱ्हाईक शोधायला लागावे.

रोजमेळ आणि स्वतःची मजुरी

आता हिशेबाकडे येऊ. समजा, एक बाई पोळी-भाजी केंद्र चालवते. रोजची विक्री १,५०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३९,००० रुपये झाले. किराणा आणि भाजी २०,०००, गॅस ३,५००, गाळ्याचे भाडे ५,५००, वीज, पिशव्या आणि रिक्षाभाडे मिळून १,०००. एकूण खर्च ३०,०००. उरले ९,०००. घरातले सगळे म्हणतात, महिन्याला नऊ हजार नफा!

पण ही बाई पहाटे पाचला उठून दुपारी एकपर्यंत राबते. दिवसाचे आठ तास, महिन्याचे २०८ तास. तासाला सुमारे ४३ रुपये पडले. म्हणजे हे नऊ हजार तिची मजुरी आहे, आणि तीही तुटपुंजी. उद्या ती आजारी पडली आणि मदतीला बाई ठेवावी लागली तर हा नफा कुठे जाईल? म्हणून भाव ठरवताना स्वतःची मजुरी खर्चात धरा. ती धरून उरेल तो नफा.

याच हिशेबात उधारी घाला. ३९,००० पैकी १२,००० रुपये ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणणाऱ्यांकडे आहेत. हातात आले २७,००० आणि द्यावे लागले ३०,०००. वहीत नऊ हजार नफा दिसतो आहे आणि त्याच महिन्यात घरातून तीन हजार घालावे लागले आहेत. पुष्कळांना वाटते, धंदा चालतो आहे तरी पैसा का टिकत नाही? तो टिकत नाही कारण तो आलेलाच नसतो.

यावर औषध आहे ते आपल्या आजोबांच्या पेढीतले, रोजमेळ. शंभर पानी वही पुरते. सकाळी गल्ल्यात किती होते, दिवसभरात रोख किती आले, मोबाइलवर किती आले, खर्च किती झाला, उधार किती गेले, रात्री शिल्लक किती. दुकान बंद करताना दहा मिनिटे लागतात. दुसरे, धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवा. मुलाची फी, लग्नातला आहेर, दिवाळीचा किराणा त्या खात्यातून जाता कामा नये. महिन्याला ठरावीक रक्कम स्वतःचा पगार म्हणून काढा आणि घर त्यात चालवा.

उधारी द्यायची तर कशी?

उधारी बंद करा, असे मी म्हणणार नाही. वस्तीतल्या दुकानाला ते जमत नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. पण तिला कुंपण घालता येते. प्रत्येक गिऱ्हाइकाची मर्यादा ठरवा. जुने चुकते झाल्याशिवाय नवे देऊ नका. खात्याच्या पानावर तारीख टाकून गिऱ्हाइकाची सही घ्या. सही मागायला आपल्याला संकोच वाटतो, पण विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायचा तर कायद्याने तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी कबुली देऊन सही केली, तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते.

कंपन्यांना डबे, सुटे भाग किंवा शिवलेले कपडे पुरवणाऱ्यांसाठी आणखी एक आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे बिल खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकते करायला हवे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार सूक्ष्म व लघू उपक्रम सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यापासून अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला ती आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे बिलावर आपला उद्यम क्रमांक ठळक छापा. तो पाहून कंपनीचा अकाउंटंट बिल बाजूला ठेवताना दोनदा विचार करतो.

हा उद्यम क्रमांक मिळतो कसा? १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावरून होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे यासाठी हजार-दोन हजार उकळतात, त्यांच्यापासून सावध राहा. नोंदणी बिल अडकल्यावर करू नका, पहिला माल देण्याआधी करा. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना २०२१ पासून ही नोंदणी खुली झाली, पण ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरतीच. ४५ दिवसांचे संरक्षण माल तयार करणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे.

खाद्यपदार्थ विकणाऱ्याने अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी घ्यायलाच हवी, मग तो घरातून लाडू विकत असला तरी. धंद्यासाठी घरगुती सिलिंडर वापरणेही बेकायदा आहे. व्यावसायिक सिलिंडरचाच खर्च धरून पदार्थाचा भाव काढा.

मग कर्ज

हे सगळे जागेवर असेल तर कर्जाचा विचार करा. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. तिच्यात तारणाशिवाय कर्ज मिळते: ‘शिशु’ ५० हजारांपर्यंत, ‘किशोर’ पाच लाखांपर्यंत, ‘तरुण’ दहा लाखांपर्यंत. ‘तरुण’ कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ पासून वीस लाखांपर्यंतची सोय झाली. हे कर्ज बँक देते, त्यामुळे अर्ज बँकेतच करायचा, मध्यस्थाला टक्केवारी द्यायची गरज नाही. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी २०२० मध्ये स्वनिधी योजना आली. तिचे पहिले कर्ज दहा हजारांचे होते, ते २०२५ मध्ये पंधरा हजार झाले. वेळेवर फेडले की पुढचे मोठे कर्ज मिळते.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या अनुदानाबद्दल गैरसमज फार. हे अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे वेगळे ठेवले जाते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळते होते. नेमक्या अटी आणि चालू वर्षाची मर्यादा जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा. प्रशिक्षण हवे असेल तर १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे.

हप्ता ठरवताना दिवाळीच्या महिन्याची विक्री डोळ्यांसमोर ठेवू नका, भर पावसातल्या महिन्याची ठेवा. त्या महिन्यात जेवढा झेपेल तेवढाच हप्ता घ्यावा.

पावसावरून लिज्जत पापडाची गोष्ट सांगते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि चार महिने काम थांबले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि काम चालू राहिले. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांचा आग्रह दोनच गोष्टींचा होता, माल एकाच प्रतीचा हवा आणि हिशेब चोख हवा. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. ती आज आपल्याला नेमकी सांगता येते, कारण तेव्हाही कुणीतरी ती लिहून ठेवली होती.

तेव्हा श्रोतेहो, उद्या सकाळी दुकान उघडण्याआधी एक वही विकत घ्या. आठवडाभर रोजमेळ लिहा. रविवारी बसून लोकांकडे अडकलेल्या पैशांची बेरीज करा आणि सर्वांत जुन्या तीन नावांकडे नम्रपणे, पण नक्की जा. कदाचित कर्जाचा अर्ज भरायची गरजच उरणार नाही. बँकेकडे मागायला निघाला होतात ते भांडवल तुमचेच, तुमच्याच गल्लीत विखुरलेले असेल.