किनाऱ्यावरील पदभ्रमण आणि समुद्राचे घड्याळ
(पावस परिसरातील शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



पावसहून गणेशगुळे आणि पुढे मुचकुंदी नदीच्या मुखावरील पूर्णगड हा किनारा पायी पाहण्यासारखा आहे. जांभ्याचे कडे, पायथ्याचे खडक, मधूनच एखादी पुळण. विद्यार्थ्यांच्या सहली आणि तरुणांची शिबिरे येथे अवश्य व्हावीत. परंतु हाच किनारा बेसावध पांथस्थाला कडा आणि पाणी यांच्यामध्ये अडकवतो.

समुद्राचे घड्याळ पंचांगात आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीची वेळ अदमासे कळते, हा दर्यावर्दींचा जुना हिशेब. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. खडकांतून जावे ते पाणी उतरत असताना, आणि तेही स्थानिक मच्छीमारांना विचारूनच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी अधिक वर येते. म्हणून तंबू भरतीच्या खुणेच्या बराच वर ठोकावा. पावसाळ्यात हा बेतच नको.

खाडीपलीकडे गावखडीच्या पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. दिव्यांच्या प्रकाशाने पिल्ले समुद्राची वाट चुकतात. तेथे रात्री शेकोटी व दिवे वर्ज्य मानावेत.

शिक्षकांनी हा हिशेब वर्गात शिकवावा. पंचायतींनी भरतीच्या वेळांचा फलक लावावा आणि मुक्कामास येणाऱ्यांची नोंद ठेवावी. यास फारसा खर्च नाही. पण त्यामुळे एखाद्या घरचे मूल सुखरूप परतेल.