वर्गातील चित्र : निवड आणि विवेक



शाळेतील धड्याचे शब्द विद्यार्थी कालांतराने विसरतो. त्या धड्यातील चित्र मात्र त्याच्या मनात घर करून राहते. म्हणूनच चित्राची निवड हा पाठाचा अलंकार नव्हे, तो संस्काराचा विषय आहे.

या निवडीत केवढी चूक होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र प्रचलित होते, ते वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या व्यक्तीचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल चित्र पुराव्यानिशी समाजापुढे ठेवले आणि ही भ्रांती दूर झाली. श्रद्धा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. उलट जेथे श्रद्धा अधिक, तेथे पुराव्याचा आग्रहही अधिक हवा.

याचा अर्थ कल्पनाचित्रे त्याज्य आहेत, असा नव्हे. राज्याभिषेक १६७४ चा. तो रंगविणारे चित्रकार म. वि. धुरंधर यांचा जन्म १८६७ चा. त्यांचे चित्र ही एका थोर कलावंताची मानवंदना आहे, डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष नव्हे. सतराव्या शतकातील दख्खनी शैलीचे व्यक्तिचित्र शेजारी ठेवले, तर हा भेद विद्यार्थ्यालाही उमगतो. चित्राखाली चित्रकाराचे नाव व काळ लिहिण्याची सवय एवढ्यासाठीच हवी.

नकाशाचेही तसेच. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले, २०१९ मध्ये लडाख केंद्रशासित प्रदेश झाला. भिंतीवरचा नकाशा त्यापूर्वीचा असेल, तर तो इतिहासाच्या तासाला उपयोगी पडेल. भूगोलाच्या तासाला तो असत्यच शिकवील.

चित्र शेवटच्या बाकावरून स्पष्ट दिसावे. त्यात दारिद्र्य किंवा आपत्ती असेल, तर त्या माणसांची प्रतिष्ठा राखली जावी. वर्गातील एखाद्या मुलाला त्यात आपले घर दिसून मान खाली घालावी लागू नये.

आणि चित्र लावताच शिक्षकाने बोलू लागू नये. दोन मिनिटे वर्गाला निमूटपणे पाहू द्यावे. मग क्रमाने तीन प्रश्न विचारावेत : काय दिसते? त्यावरून काय वाटते? ते कशावरून? तिसऱ्या प्रश्नाशी मुले अडखळतील, वाद घालतील. ती अडखळ म्हणजेच विचाराचा आरंभ होय. पाहिलेले पारखून घेणारी पिढी घडविणे, हेच वर्गातील चित्राचे खरे प्रयोजन आहे.