पारनेर ते मुळशी : एका वाटेचा शोध



लहान गावात वाढणाऱ्या मुलाला आयुष्याची वाट कशी सापडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मुळशी तालुक्यात या विषयाचा विचार करताना सेनापती बापट यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. ते जन्माने मुळशीचे नव्हेत. परंतु ‘सेनापती’ ही त्यांची ओळख याच मावळ मुलखाने त्यांना दिली.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी तेव्हाच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. पारनेर हे पर्जन्यछायेतील लहानसे गाव. तेथील हा बुद्धिमान मुलगा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकला, पदवीधर झाला आणि शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी एडिंबरोस गेला. गावाने तालुक्याला, तालुक्याने जिल्ह्याला आणि जिल्ह्याने विलायतेला अभिमानाने सांगावा असाच हा प्रवास होता. हुशार मुलाने गाव सोडून जितके दूर जावे तितकी त्याला वाट सापडली, असे तेव्हा मानीत. पुष्कळ अंशी आजही मानतात.

परंतु बापटांची वाट तेथे सापडली नाही, उलट मोडली. हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीवर त्यांनी जाहीर भाषणात टीका केली आणि शिष्यवृत्ती गमावली. लंडनच्या इंडिया हाऊसमधील क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला. बॉम्ब तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी ते पॅरिसला गेले आणि ती विद्या घेऊन १९०८ मध्ये स्वदेशी परतले. त्याच वर्षी उद्भवलेल्या अलीपूर बॉम्ब प्रकरणामुळे त्यांना चार वर्षांहून अधिक काळ अज्ञातवासात काढावा लागला. पुढे पकडले गेले, पण पुराव्याअभावी सुटले. ज्याच्याकडून विलायती पदवीची अपेक्षा होती तो तरुण पदवीवाचून, नोकरीवाचून आणि पोलिसांच्या नजरेखाली पारनेरला परत आला. अशा मुलाला त्या काळी गावाने काय म्हटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

त्या परतलेल्या तरुणाने हाती झाडू घेतला. गावचे रस्ते तो स्वतः झाडू लागला. १९१४ मध्ये पुत्रजन्म झाला, तेव्हा नामकरणाच्या भोजनाची पहिली पंगत त्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना दिली. पुढे पुण्यास जाऊन ‘मराठा’ पत्रात लेखन केले, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाच्या कामात हातभार लावला आणि अंदमानातील राजबंद्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. वरवर पाहता ही विस्कळीत कामे दिसतात. पण ज्याच्यासाठी कोणी बोलत नाही त्याच्या बाजूने उभे राहणे, हे त्यांतील सूत्र हळूहळू स्पष्ट होत गेले.

ते सूत्र मुळशीत पूर्णत्वास गेले. मुळा व नीला यांच्या संगमाजवळ टाटा पॉवर कंपनी धरण बांधीत होती. येथील पाणी बोगद्याने सह्याद्रीपलीकडे नेऊन भिरा येथे खाली सोडावयाचे व त्यापासून निर्माण होणारी वीज मुंबईस पुरवावयाची, अशी ती योजना. त्यासाठी मावळ्यांची भातखाचरे व घरे पाण्याखाली जाणार होती. पन्नासच्या आसपास गावांवर हे संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला आणि काम काही काळ थांबले. तेव्हा बापटांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदी कार्यकर्त्यांबरोबर ते या लढ्यात उतरले व वारंवार तुरुंगात गेले.

लढा यशस्वी झाला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जमिनीवर हक्क असलेल्या सावकारांना मोबदल्यात रस होता, तर कसणाऱ्याला जमीनच हवी होती. त्यामुळे एकजूट टिकली नाही. १९२४ च्या अखेरीस धरणाच्या मजुरांची आगगाडी अडविताना बापटांनी अहिंसेची मर्यादा ओलांडली. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते १९३१ मध्ये सुटले. तोवर धरण बांधून झाले होते.

तथापि मुळशीने विचारलेला प्रश्न बुडाला नाही. विकासाचा लाभ एकाला मिळतो तेव्हा त्यासाठी ज्याची जमीन जाते त्याचे काय, हा तो प्रश्न. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये झाला. १९८६ व १९९९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यांनी घेतली. सत्याग्रह संपल्यापासून पहिल्या कायद्यापर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ गेला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी निधन पावलेल्या बापटांना तो पाहावयास मिळाला नाही.

आजच्या मुळशीत हा विषय जुना झालेला नाही. तालुक्याच्या पश्चिमेस धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे, तर पूर्वेस हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान वसाहत. धरणाकाठच्या वाडीतील मुलगी पौडच्या बाजारात येते तेव्हा या दोन्ही जगांच्या मधोमध उभी असते. जमिनीला भाव आला आहे. विकून आलेला पैसा किती दिवस पुरेल आणि त्यानंतर करावयाचे काय, हा प्रश्न घराघरांत आहे. अशा वेळी मुलांना केवळ ‘शिका आणि बाहेर पडा’ एवढेच सांगून भागणार नाही.

येथे शिक्षकांनी व पंचायतींनी काही गोष्टी सहज कराव्यात. शाळेतील मुलांना धरणाकाठी नेऊन मुळशी सत्याग्रहाचा इतिहास तेथेच सांगावा. गावातील वृद्धांकडून ऐकलेल्या आठवणी मुलांकडून लिहवून घ्याव्यात. शिष्यवृत्त्यांची माहिती फलकावर लावून न थांबता अर्ज भरेपर्यंत मुलाच्या पाठीशी उभे राहावे. ग्रामसभेत जमिनीचा विषय निघेल तेव्हा वरच्या वर्गांतील मुलांना ऐकण्यासाठी बसू द्यावे. सात-बाराच्या उताऱ्यावरील नोंदी वाचता येणे हेही शिक्षणच होय. आणि परीक्षेत मागे पडून किंवा नोकरी गमावून एखादा तरुण गावात परतला, तर त्याला नाकर्ता ठरविण्याची घाई करू नये.

पारनेरने विलायतेस पाठविलेला मुलगा रिकाम्या हाताने परत आला होता. पण त्यानंतर त्याने जे हाती घेतले, त्यामुळेच तो मुळशीपर्यंत पोहोचला. आपल्या गावात परतलेल्या तरुणाच्या हाती आज काय आहे, याची विचारपूस करणे एवढे तरी आपल्याला निश्चितच करता येईल.